वंशावळीचं सॉफ्टवेअर: आठ महिने वापरून, आणि एका रकान्याशी भांडून

दिवाळीच्या सवलतीत आजीवन परवाना १,४९९ ला घेतला. फीचर्स सगळ्यांना माहीत आहेत, परत उगाळत नाही. घेतलं होतं आमच्याच घराण्यासाठी. पण पणजोबांच्या वर कुणाला काही आठवेना, आणि जे आठवलं त्यावरून दोन काकांचं बोलणं बंद झालं. पैसे तर भरलेले! मग मध्ययुगीन फ्रान्सचे उमराव भरायला घेतले. त्यांचं निदान लिहून ठेवलेलं आहे, आणि कुणी रात्री फोन करत नाही.

तक्ते सुबक निघतात. पीडीएफमध्ये जोडाक्षरं फुटतात, ते राहू द्या. माझं भांडण ‘वारस’ या रकान्याशी आहे. मृत्यूची तारीख टाकली की तो आपोआप भरतो आणि हाताने बदलता येत नाही.

उत्तर फ्रान्समधल्या आर्त्वा या जहागिरीचा काउंट (म्हणजे तिथला सरदार) दुसरा रोबेर ११ जुलै १३०२ ला कुर्त्रेच्या लढाईत पडला. मुलगा फिलिप १२९८ मध्येच गेलेला. मागे उरली मुलगी माओ (चीनचा नव्हे) आणि फिलिपचा मुलगा तिसरा रोबेर. सॉफ्टवेअर नातवाला जहागीर देऊन मोकळं! पण आर्त्वाच्या रिवाजात नातू मेलेल्या बापाच्या जागी उभा राहू शकत नव्हता. हयात असलेलं अपत्य जवळचं, मग ती मुलगी का असेना. जहागीर माओला मिळाली. नातवाने हक्क सांगितला, तर १३०९ चा निकाल तिच्या बाजूने, १३१८ चाही तिच्याच. नातवाने शेवटी खोटे दस्त करवून घेतले, ते उघडे पडले. ते बनवणाऱ्या बाईला १३३१ मध्ये जिवंत जाळलं. नातू १३३२ मध्ये हद्दपार झाला आणि पुढे इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डकडे जाऊन बसला. एवढं करून त्याला जे मिळालं नाही, ते या रकान्याने बसल्या जागी देऊन टाकलं.

तक्रार केली. अकरा दिवसांनी उत्तर आलं: ‘सर, मयत मुलाचा हिस्सा त्याच्या मुलांना जातो, नोंद बरोबर आहे.’ अहो, ते आपल्या तलाठ्याकडे! निकालांची सालं पाठवली, तर तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद. असं तीनदा.

एक तारा देऊन मोकळा होणार, तेवढ्यात पश्चिम फ्रान्समधल्या ब्रिटनीचं घराणं भरायला घेतलं. ड्यूक तिसरा जाँ १३४१ मध्ये निपुत्रिक वारला. सख्खा भाऊ आधीच गेलेला, त्याची मुलगी जान हयात. शिवाय एक सावत्र भाऊ, जाँ द मोंफोर. रकान्याने पुतणीला निवडलं. आणि त्याच वर्षी कोंफ्लाँला राजाचा निवाडाही पुतणीच्या नवऱ्याच्या, शार्ल द ब्लोआच्या बाजूने, बायकोच्या हक्कावरच झाला होता! इथे मी जरा वरमलो. गंमत म्हणजे तिच्या पाठीशी राजा सहावा फिलिप, ज्याला स्वतःची गादी मुलींना बाजूला सारल्यामुळे मिळालेली. आणि सावत्र भावामागे तोच एडवर्ड, जो आईच्या नात्याने फ्रान्सची गादी मागत होता. पुढे १३६४ ला ओरेच्या लढाईत शार्ल मारला गेला आणि १३६५ च्या गेरांदच्या तहाने ब्रिटनी मोंफोरच्या मुलाला मिळाली. पण तलवारीचा रकाना कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नसतो, म्हणून एक तारा वाढवला.

आर्त्वासाठी सध्या जुगाड: तिसऱ्या रोबेरला १० जुलै १३०२ ला मारून टाकलाय. त्याच्या बहिणी भरल्याच नाहीत, नाहीतर त्या पुढे सरकतात. जहागीर लगेच माओकडे येते. फक्त त्याची हद्दपारी भरायला गेलं की लाल पट्टी झळकते: ‘मयत व्यक्तीसाठी घटना नोंदवता येत नाही.’

दोन तारे. पैसे परत मागितले असते, पण मुदत तीसच दिवसांची होती.