निगेटिव्ह रिपोर्ट दाखवून आमच्या दादाला फसवलं

व्यसनमुक्ती केंद्राने हातात ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट ठेवला, तर तपासणी नेमक्या कोणत्या औषधाची केली हे आधी विचारा. आमचं घर त्या एका कागदावर फसलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मणक्याच्या ऑपरेशननंतर दादाला ट्रामाडॉल सुरू झालं, रीतसर चिठ्ठीवर. हे ओपिऑइड गटातलं वेदनाशामक. मेंदूत मॉर्फीन जिथे काम करतं, तिथेच हेही करतं. काही काळाने तेवढ्या गोळीने भागेनासं होतं, आणि एकदम बंद केली तर शरीर सहन करत नाही. दादाची पाठ केव्हाच बरी झाली होती, पण गोळी चुकली की जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, जुलाब आणि रात्रभर पायांची तडफड. याला कुणी मनाचा कमकुवतपणा म्हटलं की मला संताप येतो. सांगितल्याप्रमाणे औषध घेणाऱ्यावरही ही वेळ येऊ शकते.

सोडायचं हे त्यानेच ठरवलं. वहिनीने एका हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची बाई स्वतःला समुपदेशक म्हणवत होती. दादाच्या तब्येतीबद्दल तिने जुजबी विचारलं, पैसे कोण भरणार हे मात्र फिरून फिरून विचारलं. ती केंद्राचीच दलाल होती आणि पेशंटमागे तिला कमिशन मिळायचं, हे पुढे कळलं. शंभर टक्के हमी, हर्बल उपचार, काडीचा त्रास नाही. आजच दाखल केलं तर सवलत, उद्या जागेची खात्री नाही. सगळी रक्कम आगाऊ.

आणि खरंच त्रास झाला नाही! इथेच सगळ्यांचा विश्वास बसला. अशा गोळ्या एकदम बंद केल्या की साधारण 8 ते 24 तासांत त्रास सुरू होतो आणि 4 ते 10 दिवस चालतो. दादा मात्र दुसऱ्याच दिवशी फोनवर हसून बोलत होता. घरी सोडताना त्यांनी लघवीच्या तपासणीची पट्टी दाखवली, निगेटिव्ह. सोबत बिननावाच्या कॅप्सूल दिल्या. ‘या फक्त आमच्याकडेच मिळतील, एकही चुकवायची नाही.’ दर खेपेला त्यांचा भाव वाढत गेला.

एकदा कॅप्सूल वेळेवर आल्या नाहीत आणि तोच जुना त्रास उफाळला. वहिनीने केंद्राला फोन केला तर उत्तर मिळालं, ‘तो चोरून गोळ्या घेत असणार, लक्ष ठेवा.’ पैसे गेले त्याहून हे वाक्य मला जास्त लागतं. ज्याने गोळीला हात लावला नव्हता, त्याच्या खिशांची, कपाटाची झडती घ्यायला त्याच्या बायकोला लावलं. दादा कुणाच्या नजरेला नजर देईना.

शेवटी वहिनी त्याला मोठ्या रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. त्यांनी पट्टीचा फोटो पाहिला आणि म्हणाले, ही तर मॉर्फीनची तपासणी आहे. नेहमीची ओपिएट पट्टी मॉर्फीन आणि त्याच्या जवळच्या औषधांपुरतीच असते. ट्रामाडॉलची रासायनिक रचना वेगळी, ते तिच्यात दिसत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी सांगावी लागते. ती केली, पॉझिटिव्ह आली. मग एक कॅप्सूल प्रयोगशाळेत तपासली. आत ट्रामाडॉलच होतं. म्हणजे जे सोडवण्यासाठी पैसे भरले, तेच औषध दुसऱ्या रंगात दादाच्या पोटात जात होतं, आणि त्रास झाला नव्हता तो त्याचमुळे.

हा खेळ जिवाशी होता. ट्रामाडॉलचं प्रमाण वाढलं तर झटके येऊ शकतात. त्याच्यावर झोपेची गोळी किंवा दारू घेतली तर श्वास मंदावून माणूस जाऊ शकतो. पोटात काय जातंय हेच ठाऊक नसलेल्या माणसाने सांभाळायचं तरी कसं?

आता दादाला बुप्रेनॉर्फिन सुरू आहे. हेही ओपिऑइड गटातलंच, पण सोडतानाचा त्रास आणि तलफ आवरायला डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. जिभेखाली ठेवायची गोळी, नाव आणि मात्रा चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलेली. पहिली गोळी देण्याआधी त्रास सुरू होईपर्यंत डॉक्टरांनी त्याला थांबवलं, कारण घाईने दिली तर ती एकदम त्रास ओढवून घेते. बुप्रेनॉर्फिन आणि त्याच कामाचं मेथाडोन 2005 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. केंद्रवाल्यांनी याच उपचाराला ‘एक नशा सोडून दुसरी’ म्हणून नावं ठेवली होती. ते किती काळ घ्यायचं हे माणसागणिक बदलतं. आमच्या डॉक्टरांनी त्याची तारीखही दिली नाही आणि हमीही नाही, म्हणूनच मला त्यांचा भरवसा वाटला. एक गोष्ट मात्र त्यांनी वहिनीला बजावून सांगितली: मधे खंड पडल्यावर ट्रामाडॉलच्या गोळ्या जुन्या मात्रेत घेतल्या तर श्वास थांबू शकतो, कारण शरीराची सवय तोवर मोडलेली असते. अशा वेळी वापरायचं नालोक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा असर उतरवणारं औषधही लिहून दिलं. केंद्राने यातलं अवाक्षर काढलं नव्हतं.

तुमच्या घरी अशा बिननावाच्या कॅप्सूल येत असतील तर त्या एकदम बंद करू नका, माणसाला घेऊन थेट व्यसनोपचाराच्या डॉक्टरांकडे जा. कॅप्सूल आणि वेष्टनही फेकू नका. त्या पाकिटासकट, पैसे भरल्याच्या पावत्या आणि मेसेज जपून ठेवा. आमची तक्रार औषध नियंत्रण अधिकाऱ्यांनी घेतली, ती वहिनीने डब्यात उरलेल्या कॅप्सूल सांभाळून ठेवल्या होत्या म्हणून.