सागरी मार्ग की महामार्ग : तळकोकणात गाडी नेण्यापूर्वी

मुंबई-पुण्याहून स्वतःच्या गाडीने मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत जायचे ठरले, की दोन वाटा समोर येतात. पहिली राष्ट्रीय महामार्ग ६६ ची : पनवेल, महाड, चिपळूण, हातखंबा, कणकवली, सावंतवाडी. दुसरी रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याला बिलगून जाणाऱ्या सागरी मार्गाची. महामार्ग पनवेलपासून गोव्याच्या सीमेपर्यंत सुमारे ४७० किलोमीटरांचा आहे आणि सागरी मार्ग ५०० किलोमीटरांहून थोडा अधिक. एवढ्याशा फरकामुळे अनेकांना वाटते, की समुद्राकाठून गेल्यास फार तर एखादा दिवस जास्त लागेल. माझ्या मते निर्णयाची पहिली चूक इथेच होते, कारण किनाऱ्यावरचा प्रवास किलोमीटरांत मोजता येत नाही. तो खाड्यांत मोजावा लागतो.

सह्याद्रीतून निघालेली प्रत्येक नदी समुद्राला मिळताना रुंद खाडी करते. महामार्ग या नद्या वरच्या अंगाला, पात्र अरुंद असतानाच पुलावरून ओलांडतो. सागरी मार्गाला त्या मुखाशीच गाठाव्या लागतात. कुंडलिकेवर रेवदंड्याला आणि मुचकुंदीवर पूर्णगडला पूल आहेत, पण आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड या चार ठिकाणी गाडी जंगलजेटीत, म्हणजे वाहने नेणाऱ्या फेरीबोटीत, चढवूनच पलीकडे जावे लागते. नव्या खाडीपुलांची कामे हाती घेतलेली असली, तरी आज आखणी करणाऱ्याने फेरीबोटीचेच वेळापत्रक हाताशी ठेवावे. प्रत्यक्ष खाडी पार करायला काही मिनिटे पुरतात. वेळ जातो तो आधीच्या रांगेत, आणि सुटीच्या दिवसांत ती रांग लांबते. संध्याकाळची शेवटची फेरी हुकली, तर दाभोळहून गुहागरला जाण्यासाठी दापोली, खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरांहून अधिक वळसा पडतो, तोही अंधारात आणि घाटीच्या वळणांचा. म्हणून सागरी मार्गावर दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटरांपेक्षा जास्त धरू नयेत. संपूर्ण किनाऱ्याला पाच दिवस हवेत. चार दिवसांत तो होतो, पण मग उतरून पाहणे राहून जाते.

महामार्गाच्या बाजूने बोलायचे तर तो एका दिवसात तळकोकणात पोहोचवतो, वाटेत पेट्रोल, दवाखाना आणि गॅरेज यांची सोय आहे, आणि कशेडीच्या बोगद्यामुळे घाटाचा एक मोठा त्रास कमी झाला आहे. लहान मुले किंवा वयस्कर माणसे सोबत असतील, तर ही सोय फार मोलाची असते. मात्र या रस्त्यावरून समुद्र दिसत नाही. तो पाहायला प्रत्येक वेळी तीस-चाळीस किलोमीटर खाली उतरून पुन्हा त्याच वाटेने वर यावे लागते, आणि असे तीन फाटे घेतले की वाचवलेला वेळ खर्ची पडलेला असतो.

दोन्हींपैकी एकच निवडण्याऐवजी जाताना महामार्ग आणि येताना किनारा, असे मी सुचवेन. यामागे एक साधे कारण आहे, ज्याचा विचार फारसा होत नाही. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांच्या पलीकडे राहतो. उत्तरेकडे येताना तो डावीकडे, आपल्याच कडेला येतो. गणपतीपुळे आणि रत्नागिरी यांमधल्या आरे-वारेच्या चढावर हा फरक सर्वांत स्पष्ट जाणवतो : रस्ता न ओलांडता मोकळी जागा पाहून गाडी बाजूला घेता येते, आणि खाली पसरलेली पुळण, सुरूचे बन व वळत जाणारा किनारा निवांत पाहता येतो. पुणेकरांना तर जाताना निपाणी, आजरा, आंबोलीमार्गे सावंतवाडीत उतरता येते आणि पूर्ण किनारा परतीसाठी उरतो. मुंबईकरांना शेवटच्या दिवशी मांडव्याहून रो-रो बोटीने गाडीसह भाऊच्या धक्क्याला येता येते. तिचे आरक्षण मात्र आधी करावे.

या क्रमावरचा एक आक्षेप रास्त आहे : परतीची तारीख ठरलेली असते, आणि खाड्यांची अनिश्चितता शेवटी अंगावर येते. त्याला उपाय असा, की किनाऱ्यावरच्या बहुतेक मोठ्या गावांतून महामार्गाला चढणारा रस्ता आहे. मालवणहून कसाल, गणपतीपुळ्याहून निवळी, गुहागरहून सुमारे ४५ किलोमीटरांवर चिपळूण, दापोलीहून खेड. उशीर झाला तर उरलेला किनारा सोडून वर चढावे.

पावसाळ्यात मी सागरी मार्ग सुचवणार नाही. हवा बिघडली की फेऱ्या थांबतात, आणि सिंधुदुर्ग, जंजिरा या जलदुर्गांच्या होड्याही बंद असतात. गणेशोत्सवाच्या आधीचे दोन-तीन दिवस महामार्गही टाळावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ दोन्ही वाटांना चांगला.

ज्यांच्याकडे तीनच दिवस आहेत, त्यांनी अख्ख्या किनाऱ्याचा हट्ट धरू नये. पहिल्या दिवशी महामार्गाने हातखंब्याहून रत्नागिरीला मुक्कामाला जावे. दुसऱ्या दिवशी आरे-वारे, गणपतीपुळे आणि केशवसुतांचे जन्मगाव मालगुंड करत जयगडला दुपारी फेरीबोट धरावी, तवसाळला उतरून हेदवी, वेळणेश्वरमार्गे उजेड असतानाच गुहागर गाठावे. तिसऱ्या दिवशी सकाळचा वेळ गुहागरच्या पुळणीवर घालवून चिपळूणमार्गे परत निघावे.