सल्ला खरा, रंग खोटा : ३५,३०० रुपयांची भिंत

कामाच्या खोलीतल्या खुर्चीची पाठ भिंतीला टेकली की तिच्यावर फिकट हिरवी भुकटी बसते. शर्टाच्या बाहीवरही. 'प्रीमियम मॅट इमल्शन, ओल्या फडक्याने पुसा, पाच वर्षं बघायला नको' असं सांगून ज्याचे पैसे घेतले गेले, तो हा रंग. लिहायची लाज वाटते, कारण मी घरून लोकांचे हिशेब तपासायचं काम करतो. पण गप्प बसलो तर तो रंगवाला ठग पुढच्या घरी जाणार, म्हणून लिहितोय.

सुरुवात कशी झाली असेल ते तुम्हीच ओळखाल. ऑनलाइन जाहिरात, 'मोफत कलर कन्सल्टेशन', टॅबवर तुमच्याच खोलीचा फोटो रंगवून दाखवणारा गोडबोल्या, मग बुकिंग, मग मटेरियलचा आगाऊ. यात नवीन काही नाही. नवीन हे, की त्या माणसाला रंगातलं खरंच कळत होतं. स्क्रीनच्या समोरच्या भिंतीला चकाकी असलेला फिनिश नको, खिडकीचा उजेड त्यावरून परतून स्क्रीनवर पडतो, मॅटच घ्या, असं तो म्हणाला. बरोबर होतं. चकाकीत पुट्टीची प्रत्येक लाट दिसते, मॅटमध्ये झाकली जाते, हेही बरोबर. टेबलाच्या अगदी शेजारी गडद हिरवा घेऊ नका, व्हिडिओ कॉलवर चेहरा आजारी दिसेल, हे तर मला सुचलंच नसतं. काही शेड कार्डांच्या मागे उजेड परतवण्याचा आकडा असतो, शून्य म्हणजे काळा आणि शंभर म्हणजे पांढरा, एकच खिडकी असलेल्या खोलीला साठच्या वरचा घ्या, इतकं बारीक सांगितलं त्याने. असं बोलणाऱ्या माणसाच्या बादल्या कोण तपासतो? तुम्ही तपासल्या असत्या?

आता हिशेब. खोली १० बाय १२, उंची साडेनऊ फूट. दार-खिडकी वजा करून तीन भिंती २५६ चौरस फूट, छत १२०. मिळून ३७६ चौरस फुटांना २८ रुपयांनी १०,५२८. टेबलामागची चौथी भिंत, ११४ चौरस फूट, 'इम्पोर्टेड लाइम स्टुको, हाताने पॉलिश', म्हणजे चुन्याचा फिनिश, २१० रुपयांनी २३,९४०. एकूण ३४,४६८. बुकिंगचे २,५०० दिले, मटेरियलचे १८,०००, स्टुको सुरू होताना १०,०००. मध्येच त्याने खिडकीखाली बोट दाबून 'साहेब, इथे ओल आहे, डॅम्पप्रूफ कोट मारावाच लागेल' म्हणून ४,८०० वेगळे घेतले. झाले ३५,३००. म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त, तेही काम अर्धवट असताना. ती ओलही खोटी होती. नंतर आलेल्या कारागिराने मीटर लावून दाखवलं, भिंत कोरडी ठणठणीत.

आणि आता तो क्षण, जो आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. बादल्या आल्या त्या झाकण उघडलेल्या. मी विचारलं तर हसून म्हणाला, "टोकन काढून घेतलं साहेब, तेवढाच आमचा चहापाणी." पेंटर लोक डब्यातलं टोकन, म्हणजे कंपनीने पेंटरसाठी ठेवलेलं बक्षीस, काढतात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. पण बादलीच्या कुशीवर छापलं होतं : २० किलो. मी ते वाचलं. स्पष्ट वाचलं. इमल्शन लिटरवर विकतात, आणि डिस्टेंपर, म्हणजे त्याहून स्वस्त, हलका रंग, किलोवर. एवढा एक शब्द. शिवाय झाकणावर दुकानातल्या शेड मिसळणाऱ्या टिंटिंग मशीनचं स्टिकर नव्हतं, ज्यावर शेडचा कोड आणि बेस लिहिलेला असतो. कसं असणार? त्याचा पोरगा व्हरांड्यात पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये बाटलीतून हिरवा स्टेनर ओतून काठीने ढवळत होता. आणि ३७६ चौरस फुटांना दोन हात मारायला साधारण तीन-चार लिटर पुरतात, तर वीसची बादली कशाला? आकडेमोड माझी रोजचीच आहे, पण त्या वेळी माझी फायलिंगची मुदत होती, फोन वाजत होते, आणि आपण पैसे मोजतो ते दुसऱ्याने लक्ष द्यावं म्हणूनच ना?

स्टुकोची गोष्ट आणखी वाईट. खऱ्या चुन्याच्या फिनिशला पातळ थरांवर थर, प्रत्येक थर वाळू देणं, शेवटी पोलादी पट्टीने घासून आणलेली चमक, असं सगळं लागतं. याने एका दुपारीत खडूची पूड, स्टेनर आणि डिंकाची लांबी (पुट्टी) फासली, वर मेण घासलं. पहिल्या दिवशी दिसली मात्र देखणी, खोटं कशाला बोलू. बायकोने कॉफीचा डाग ओल्या फडक्याने पुसला तेव्हा डागाबरोबर भिंतही आली. "अहो, ही विरघळतेय!" मी तेव्हा क्लायंटबरोबर कॉलवर होतो. त्या बाईंनी विचारलं, तुमच्या मागे गळतंय का?

फोन लागेना. ज्या खात्यावर पैसे गेले ते भलत्याच नावावर निघालं. जाहिरात दाखवणारे म्हणाले, आम्ही फक्त दोघांना जोडून देतो. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस चौकीत हवालदार फोटो बघून म्हणतो, "रंग लावलाय ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला." अरे, हिऱ्याच्या भावात काच विकली तर ती फसवणूक नाही का? भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम मी मोबाइलवर काढून दाखवलं, तर "वकील आहात का?" ग्राहक तक्रारीच्या टेबलावर त्याहून मोठा विनोद. कारकून म्हणे, खोली ऑफिसची आहे, म्हणजे व्यापारी वापर, तुम्ही ग्राहक नाही. २०१९च्या कायद्यातच लिहिलंय की स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू व्यापारी वापरात मोडत नाही. हे मी त्यांना शिकवायचं! मग म्हणे समोरच्याचा पत्ता आणा. पत्ता असता तर मी आधी तिथेच गेलो नसतो? होता त्या अर्धवट पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेली नोटीस 'पत्ता अपूर्ण' असा शेरा घेऊन परत आली. कोटेशनवरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून बघितला, तर असा नंबरच नाही. हे तुम्ही पैसे द्यायच्या आधी करा, दोन मिनिटं लागतात.

आणखी हेही सांभाळा : डबे सीलबंद, स्वतःसमोर उघडलेले, आणि शेडचा कोड झाकणावर. टोकन हवं तर तुम्ही काढून द्या. नमुना कार्डावर किंवा त्याने आणलेल्या फळीवर नाही, तुमच्याच भिंतीवर दोन बाय दोनचा मारून घ्या. सकाळी बघा, रात्री ट्यूबलाइटखाली बघा, आणि पूर्ण वाळला की ओलं पांढरं फडकं घासा. फडक्याला रंग लागला की माणूस बाहेर. फिनिशचं नाव, कोट किती, प्राइमर कुठला, हे कोटेशनमध्ये नसेल तर ते कोटेशन नाही. मटेरियल स्वतः दुकानातून बिल घेऊन आणा, मजुरी वेगळी ठरवा. ओल म्हणाला तर मीटर लावून दाखव म्हणा. तक्रार कुठे करायची कळत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, आणि तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. टेबलावरचा माणूस नाही म्हणाला तर ते लेखी मागा, लगेच सूर बदलतो.

सगळं खरवडून, नवी पुट्टी आणि साधं मॅट इमल्शन मारायला वर १४,२०० गेले. म्हणजे या एका खोलीला ४९,५०० रुपये. परवा त्याची नवी जाहिरात दिसली. वेगळं नाव, वेगळा नंबर, आणि फोटो माझ्या भिंतीचा, पहिल्या दिवसाचा, कोपऱ्यात माझी फायलींची मांडणी दिसतेय. भाव आता २४० रुपये चौरस फूट. ती जाहिरात छापून, नंबराखाली रेघ मारून चौकीत नेऊन दिली. "ठेवा, बघतो," म्हणाले.