साधा की उलटा? डर्ट बाइकचे जुने शॉकअप घेऊन घरी उघडायचे तर

गगनबावड्याकडच्या जांभ्याच्या वाटांवर दोन पावसाळे काढले की पुढच्या शॉकअपचे सील तेल गाळायला लागतात. मग कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या भागात, चक्कर होते, कुणीतरी पोत्यात गुंडाळलेली जुनी जोडी पुढं ठेवतो आणि डोक्यात किडा वळवळतो: आपल्याच गाडीचा साधा टेलिस्कोपिक घ्यावा, की थोडे जास्त मोजून केटीएमचा उलटा, म्हणजे यूएसडी (अपसाइड डाउन, बारीक नळी खाली), बसवावा? दोन्ही प्रकार मी घरच्या सोप्यात बसून उघडलेत. पहिल्यांदाच हात घालणार असाल तर माझं मत साध्याच्या बाजूनं आहे, आणि किंमत हे त्याचं कारण नाही.

आधी आकड्यांचं बघू. हीरोच्या एक्सपल्स २०० चा पाईप, म्हणजे सीलमधून सरकणारी क्रोमची नळी, ३७ मिमीचा, प्रवास (शॉकअप किती दबतो ते) १९० मिमी. रॉयल एनफिल्डच्या जुन्या ४११ हिमालयनचा ४१ मिमी आणि २००. २०२५ च्या आधीच्या केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरचा उलटा शॉकअप ४३ मिमी जाड, पण प्रवास १७० मिमीच. म्हणजे जाडजूड नळी बघून हरखायचं आणि खड्ड्यात एक्सपल्सपेक्षा २० मिमी कमी मिळवायचे. शिवाय जाडी बदलली की टी (दोन्ही शॉकअप हँडलखाली धरणारा जोड) बदलली, टी बदलली की बेअरिंग, एक्सल, कॅलिपर, एबीएसचा सेन्सर असं शेपूट वाढतच जातं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे ते वेगळंच. पासिंगच्या गाडीत असे बदल करायला ते आडवं येतं. हिमालयनचा शॉकअप एक्सपल्सला लावणारेही भेटतात. पण जवळपास २०० किलोच्या गाडीची स्प्रिंग दीडशेच्या आसपासच्या गाडीला कडक पडणार, दगडावर हात बधिर होणार.

दोघांतला खरा फरक क्रोमच्या पाईपच्या जागेत आहे. साध्यात तो वर असतो, खाली अ‍ॅल्युमिनियमचा बॉटम, म्हणजे बाहेरची जाड नळी, दगडधोंडे खातो. उलट्यात तोच गुळगुळीत पाईप एक्सलजवळ, थेट माऱ्यात. सीलही बाहेरच्या नळीच्या खालच्या तोंडाला, तेलाच्या पातळीच्या खाली. साध्याचं सील गेलं तर तेल पाझरतं, आठवडाभर चालढकल करता येते. उलट्याचं गेलं तर तेल सरळ खाली येतं, ब्रेकच्या डिस्कवर आणि पॅडवर.

खरेदीला जाताना नख वाढवून जा, गंमत नाही. पाईपवरून नख खालीवर फिरवायचं. टीच्या आत झाकल्या जाणाऱ्या भागात गंजाचे ठिपके असले तरी चालतात. सील जिथं घासतं तिथं नख अडकलं तर ती जोडी तिथंच ठेवा. नवं सील आठ दिवसांत फाटेल. मग पाईप जाड सपाट काचेवर लोळवायचा. काच आणि पाईप यांच्यामध्ये उजेडाची फट उघडझाप करत असेल तर पाईप वाकलाय. डायल गेज (बारीक बाक मोजायचं घड्याळी माप) असेल तर बऱ्याच मॅन्युअलमध्ये ०.२ मिमी ही हद्द दिलेली असते. किंचित बाक प्रेसवर निघतो, पण टीखाली चुणी पडलेला पाईप कुणी सरळ करून देतो म्हणाला तरी घेऊ नका.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट बघावी लागते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात गाड्याच्या गाड्या पाण्याखाली गेल्या, त्यांचे सुटे भाग कुठं ना कुठं फिरत असणारच. बाहेरून पॉलिश मारलेली जोडी आतून गंजलेली निघू शकते. विकणाऱ्यासमोर थोडं तेल काढून बघा. ताकासारखं पांढुरकं आलं तर पाणी शिरलंय. मी एकदा हे न बघता उलटी जोडी आणली होती. पाईप आरशासारखा, पण बाहेरच्या नळीच्या आतलं अ‍ॅनोडायझिंग (अ‍ॅल्युमिनियमवरचा कडक थर) घासून चांदी दिसत होती. त्याला घरी काही इलाज नाही. बऱ्याच साध्या शॉकअपमध्ये बुश (पाईप ज्यावर सरकतो ती टेफ्लॉन लावलेली कडी) झिजतात, ते बदलता येतात. टेफ्लॉन जाऊन पाऊणपेक्षा जास्त भागावर तांबडं दिसलं की बदलायचे.

घरी उघडताना साधा शॉकअप सरळमार्गी असतो, फक्त क्रम चुकवायचा नाही. वरच्या टीचा बोल्ट सैल करून कॅप जरा ढिली करा. मग स्प्रिंग आत असतानाच तळाचा अ‍ॅलन बोल्ट सोडवा, म्हणजे आतला रॉड स्प्रिंगच्या दाबानं धरला जातो, बोल्टाबरोबर गरगर फिरत नाही. कॅप पूर्ण काढताना तोंड बाजूला. माझी पहिली कॅप तुळईला लागून आली. नवं सील घालताना पाईपच्या कडेवर प्लास्टिकची पिशवी आणि थोडं ग्रीस, ठोकायला मापाचा पीव्हीसी पाईप. तळाचा तांब्याचा वॉशर नवाच. तेल ग्लासानं मोजून ओतू नका; स्प्रिंग बाहेर, पाईप पूर्ण दाबलेला, आणि वरच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर मॅन्युअलप्रमाणे दोन्ही बाजूंना सारखं. वरची हवाही स्प्रिंगचंच काम करते, त्यामुळं इथली चूक गाडी चालवताना लगेच कळते.

उलट्याला बहुधा कार्ट्रिज, म्हणजे तेलाचा दाब सांभाळणारी आतली वेगळी नळी, असतं. स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार लागतं, रॉड वरखाली करून हवा काढावी लागते, तेलही बहुधा पातळ. अशक्य नाही, पण पहिल्या रविवारी हे नको.

पाईपच खराब असेल तर? उद्यमनगरात ग्राइंडिंगवाले शोधायला लांब जावं लागत नाही, घासून हार्ड क्रोम करून पुन्हा मापाला आणता येतो. तरीही एक्सपल्ससारख्या गाडीला मी सरळ नवा पाईप घेईन, तो दुकानात मिळतो आणि मापाची चिंता राहत नाही. हार्ड क्रोमचा खटाटोप परदेशी मोटोक्रॉस गाडीसाठी ठेवा. उलटा शॉकअपही तिथंच शोभतो: पासिंग नसलेली, फक्त ट्रॅकवर जाणारी गाडी, मूळचीच टी आणि पाईपवर प्लास्टिकचे गार्ड. जोडी घेताना गार्ड मागून घ्या. विकणारा ते हमखास काढून ठेवतो आणि नंतर वेगळे विकतो.