स्वस्तातली सिंगल-शॉट रायफल: एक सीझन आणि एक उन्हाळा वापरल्यावर

कमरेत मोडणारी (म्हणजे नळी बिजागरीवर खाली झुकवून उघडायची), एका वेळी एकच काडतूस घेणारी, बाहेर घोडा असलेली ही रायफल मी ओहायोत हरणाच्या शिकारीसाठी घेतली. दुर्बीण सोडून किंमत चारशे डॉलरच्या आसपास. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली जे आहे ते या जातीच्या बहुतेक बंदुकांना लागू पडतं. २०१५ मध्ये उत्पादन थांबलेल्या ‘हँडी-रायफल’चे मालक वर्षानुवर्षं याच खटपटी करत आलेत.

काडतूस ३५० लीजंड. ओहायोत हरणासाठी पूर्वी रायफल चालतच नसे, लोक शॉटगनमधून स्लग (छऱ्यांऐवजी एकच जाड गोळी) मारायचे. २०१४ पासून सरळ पुंगळीच्या, म्हणजे गळा न आवळलेल्या काडतुसांच्या रायफलींना परवानगी मिळाली, आणि २०१९ मध्ये आलेलं लीजंड अशाच राज्यांसाठी काढलेलं. धक्का सौम्य, दारूगोळा तुलनेने स्वस्त. १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी नळीतून साधारण २,३०० फूट प्रति सेकंदाने निघते. १०० यार्डांवर शून्य बांधलं, म्हणजे दुर्बिणीचा नेम आणि गोळी तिथे जुळवली, तर २०० यार्डांवर आठेक इंच खाली लागते. आमच्याकडच्या रानात इतकं लांब दिसतं कुठे!

आता मुद्द्याचं. नवी असताना १०० यार्डांवर तीन इंचांचा गट (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा पसारा) पडायचा, तोही उभा पसरलेला. दुकानातल्यांचं उत्तर ठरलेलं: “या किमतीत एवढंच.” मला ते पटलं नाही, कारण नळी चांगली होती. गडबड नळीत नसून तिला टेकणाऱ्या गोष्टींत होती.

या बंदुकीचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो. पुढचा लाकडी (माझ्याकडे प्लास्टिकचा) तुकडा एका स्क्रूने थेट नळीला लटकवलेला. म्हणजे वाळूच्या पिशवीवर तो टेकवला की बंदुकीचं वजन त्या तुकड्यातून नळीवर येतं, आणि पिशवी दोन इंच मागेपुढे झाली की दाब बदलतो. बोल्ट-ॲक्शन (दांडा मागेपुढे ओढून भरायची, सहसा अखंड दस्त्याची रायफल) वापरलेल्यांना हे लवकर ध्यानात येत नाही. तिथे पुढे टेकवणं बरोबर असतं, इथे टेकू जितका बिजागरीजवळ तितका चांगला. मी पिशवी बिजागरीखाली सरकवली आणि उभा पसारा तिथल्या तिथे बराच आवरला.

दुसरा उपाय जुना आणि जवळपास फुकट: पुढचा तुकडा आणि नळीखालचा खुंटा यांच्यामध्ये, स्क्रूभोवती, एक रबरी ओ-रिंग. त्याने तुकडा नळीला जागोजागी घासायचा थांबतो आणि एकाच ठिकाणी दाबून बसतो. स्क्रू मात्र दर वेळी सारखाच आवळायला हवा. माझ्या बंदुकीला २० इंच-पाउंडांच्या आसपास मानवतं, तुमचा आकडा तुम्ही शोधा. टॉर्कचा (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा) स्क्रू-ड्रायव्हर नसेल तर ओ-रिंगवर वेळ घालवू नका.

बिजागरी आणि कुलूप हा तिसरा भाग. नळीखालच्या ज्या पायरीवर खिट्टी अडकते ती कोरडी आणि स्वच्छ ठेवायची, तिथे तेल नको. बिजागरीच्या खिळीला मात्र नावापुरतं ग्रीस. बंद करताना रोज सारख्याच जोराने, खट्ट आवाज येईल इतपत. दुर्बीण नळीवरच बसते, त्यामुळे बिजागरीत थोडा खेळ असला तरी नळी आणि दुर्बीण एकमेकींपासून हलत नाहीत. या रचनेचा हा मोठा फायदा आहे, पण त्यासाठी बैठकीचे स्क्रू घट्ट असायला हवेत. नवी बंदूक घरी आणल्यावर आधी ते तपासा.

चाप कडक होता. तो मी बंदूकवाल्या कारागिराकडून हलका करून घेतला. घरी कानस घेऊन बसण्याचं हे काम नव्हे, सुरक्षेची पट्टी त्याच यंत्रणेत असते. बाहेरचा घोडा पडायला क्षणभर जास्त लागतो, म्हणून चाप ओढल्यावरही नेम धरून राहावं लागतं. बंदूक हलकी असल्याने दस्त्याच्या मागच्या बाजूला छोटी पिशवी हवीच.

काडतुसांत १५० ग्रेनची मऊ टोकाची गोळी माझ्या नळीला आवडते, १८० ची नाही. उलटं असणारेही भेटले. तीन-चार डबे वेगवेगळे घेऊन बघण्याला पर्याय नाही.

आता गट सव्वा ते दीड इंचाचा येतो, पाच गोळ्यांचा. तीन गोळ्यांचे इंचभर गट छायाचित्रापुरते ठीक, त्यांवर विसंबू नका. शिवाय नळी बारीक आहे, लागोपाठ मारलं की तापते आणि गोळ्या सरकतात. म्हणून मी खरा हिशेब वेगळा ठेवतो: रेंजवर गेल्यावर थंड नळीतून पहिली गोळी एकाच जपून ठेवलेल्या कागदावर. उन्हाळाभराचा तो कागद दीड-पावणेदोन इंचांत बसतो. हरणावर हीच पहिली गोळी जाणार, दुसरीला सहसा सवड मिळत नाही. नोव्हेंबरअखेरच्या सीझनमध्ये मादी ऐंशी-नव्वद यार्डांवर थांबली, एका गोळीत काम झालं.

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक वापरणारे माझे काका हे सगळं ऐकून म्हणाले, “एका गोळीला एवढी पूजा?” त्यांना एका बाराला पाच मिनिटं लागतात, त्यांनी बोलू नये.

न आवडलेलं: हातमोजे घातल्यावर रिकामी पुंगळी बोटांनी ओढून काढणं जिकिरीचं, कारण ती बाहेर उडत नाही, फक्त थोडी वर येते. दुर्बिणीखाली घोडा चढवायला अंगठा पोचत नाही, बाजूला आलेली जोडकांडी लावावीच लागते. बायपॉड (बंदुकीला लावायचा दोन पायांचा टेकू) लावायचा विचार करत असाल तर सोडून द्या. तो त्याच पुढच्या तुकड्याला अडकतो आणि नळी पुन्हा ताणली जाते. रानात मी साधी काठ्यांची कैची वापरतो, तीही चापाच्या कडीपुढे, बिजागरीखाली.