बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या शॉपला कंप्रेसरची हवा कोरडी करायला काय घ्यावं: नुसता फिल्टर, फ्रिज ड्रायर का डेसिकंट?

पहिल्या पावसाळ्यात आम्ही पण फसलोय बघा. पावडर कोटिंगच्या जॉबवर फिश आय, म्हणजे कोटिंगमध्ये बारीक गोल खड्डे, यायला लागले, सप्लायर म्हणाला 0.01 मायक्रॉनचा फिल्टर लावा सगळं साफ होतंय, लावला, आणि चार दिवसांनी हवा मारायच्या ब्लो गनसमोर पांढरा रुमाल धरला तर ओला तो ओलाच.

फिल्टर थेंब पकडतोय, वाफ नाही. पावसाळ्यात 24 डिग्री आणि 90 टक्के दमट असली की एक घनमीटर हवेत 19-20 ग्रॅम पाणी असतंय. 7 बारला दाबून 35 डिग्रीपर्यंत गार केली की त्यातलं 5 ग्रॅमच वाफ म्हणून राहतंय, बाकीचं पाणी होऊन खाली बसतंय, म्हणजे 20 एचपीच्या कंप्रेसरला आठ तासांच्या शिफ्टमध्ये साधारण 15 लिटर! पण ती 5 ग्रॅम वाफ कुठल्याबी फिल्टरमधनं आरामात जाते आणि पुढं गार पाइपमध्ये परत पाणी होते. तेल, धूळ आणि गंजाला मात्र फिल्टरच पाहिजे, शेजारी फाउंड्री असेल तर जास्तच.

फ्रिज ड्रायर हवा गार करून दाबाखालचा दवबिंदू, म्हणजे वाफेचं पाणी व्हायला लागतंय ते तापमान, 3 डिग्रीच्या आसपास आणतोय, ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा डेसिकंट ड्रायर उणे 40 पर्यंत. ऐकायला भारी वाटतंय, पण बेळगावात थंडीच्या पहाटे पण पाइप 3 डिग्रीला जात नाही ओ, मग उणे 40 कशाला? त्यात बिगर हीटरचा डेसिकंट स्वतःचे दाणे सुकवायला 15 टक्क्यांच्या वर हवा बाहेर सोडतोय, ती हवा करायला वीज तुमचीच, आणि तेल आत गेलं की दाणे बाद. औषध नाहीतर कोरडी पावडर भरायचं काम असेल तरच त्याच्या नादाला लागा.

सीएनसी, कोटिंग, हवेवर चालणारं न्यूमॅटिक टूल असं काम असेल तर मी फ्रिज ड्रायरच घेईन, अलीकडं 1 मायक्रॉनचा आणि पलीकडं 0.01 चा फिल्टर लावून. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवणार असाल तर एक साइज मोठा घ्या, मे महिन्यात दम तोडतोय नाहीतर. फिल्टरच्या आतलं एलिमेंट वर्षाला बदलायचं, चोक झालेलं तसंच ठेवलं आणि कंप्रेसरचा दाब 1 बारनं वाढवला तर वीज 7 टक्क्यांच्या आसपास जास्त जाते.

साठलेलं पाणी आपोआप बाहेर सोडणाऱ्या ऑटो ड्रेनचं टेस्ट बटण रोज दाबून बघा, आमचा कचरा अडकून बंद पडलेला, ड्रायर नवाकोरा आणि लाईनीत पाणी.