दूधसागरचं ‘पावसाळी परमिट’: बेळगाव स्टँडबाहेरच्या टेबलापासून जपून

पावसाळ्यात पाठीला सॅक अडकवून बेळगावच्या सेंट्रल बसस्टँडवर उतरणार असाल आणि गोव्यातल्या दूधसागर धबधब्याचा बेत असेल, तर हे वाचून मगच घराबाहेर पडा. निपाणी, चिक्कोडी, गडहिंग्लज, चंदगड, कोल्हापूर इकडची पोरं शनिवार-रविवारी तिथं उतरतात. सॅक बघून गिऱ्हाईक ओळखणारी माणसं तिथं टपून असतात. आम्हा तिघांचे मिळून ५,५५० रुपये गेले.

आम्ही म्हणजे मी निपाणीचा, माझा गडहिंग्लजचा मावसभाऊ आणि त्याचा एक मित्र. बेत साधा होता. लाल गाडीनं बेळगाव, तिथून खानापूर, लोंढा, रामनगर करत अनमोड घाट उतरून गोव्यातलं मोले. दूधसागर जमला तर जमला, नाहीतर तांबडी सुर्लाचं कदंबांच्या काळातलं देऊळ बघून परत. आषाढ सरत आला होता, पाऊस धरून होता.

गोव्याच्या गाड्या लागतात तिथं उभे होतो, तोवर रेनकोटातला एक माणूस जवळ आला. “कुठं चाललासा? मोले? घाट बंद हाय की ओ. दरड आलीया रात्री. गाड्या सगळ्या चोर्ल्यातनं सोडूलेत.” मोल्याला जायचं तर चोर्ला घाट उपयोगाचा नाही, ती वाट साखळीकडं उतरते. म्हणजे थाप मारणाऱ्याला भूगोल पक्का ठाऊक होता. पावसात अनमोडला दरडी येतात हेही खरंच, त्यामुळं खोटं वाटायचं काही कारण नव्हतं. चौकशीच्या खिडकीसमोर ही गर्दी.

मग गाव विचारलं. निपाणी म्हटल्यावर त्याची बहीण निपाणीत दिलेली निघाली. तंबाखूच्या वखारी, स्टँडजवळचा वडा, सगळं त्याला पाठ. “आपली माणसं म्हणून सांगूलोय, दुसऱ्याला असतं तर बोललोबी नसतो.” आपल्या सीमाभागात हे वाक्य फार चालतं. बोर्ड कन्नड, पावती कन्नड, कंडक्टर कन्नड, त्यात कुणी ‘कुठं चाललासा’ म्हटलं की माणूस निम्मा विरघळतो. हा धंदा त्या निम्म्यावरच चाललाय.

स्टँडबाहेर रस्ता ओलांडला की झेरॉक्सच्या दुकानाच्या जिन्याखाली त्याचं टेबल. वर फ्लेक्स, त्यावर दूधसागर आणि त्याच्या पोटातून जाणारी रेल्वे, तो नेहमीचा फोटो. माणशी १,८५० रुपये. त्यात मोल्यापर्यंत ट्रॅव्हलर, पुढं जीप, लाइफ जॅकेट, जंगलाची एंट्री, जेवण आणि रात्री आठपर्यंत परत बेळगाव. पावसात जीप बंद असते असं ऐकलंय, म्हटल्यावर त्यानं टेबलाच्या काचेखालचा लॅमिनेट केलेला कागद पुढं सरकवला. ‘मान्सून स्पेशल परमिट’. वर गंडभेरुंड, म्हणजे तो दोन तोंडांचा पक्षी, खाली गोल शिक्का, सही हिरव्या शाईत. “ह्या वर्षीपास्नं चालू केलेत. पावसाळ्यातच तर खरा दूधसागर, मे महिन्यात काय दगडं बघायची?”

हे शेवटचं वाक्य खरं आहे, आणि सगळी मेख तिथंच आहे. धबधबा ३१० मीटरचा, चार टप्प्यांत कोसळणारा. त्याचं दूध व्हायला पाऊसच लागतो. पण गोव्यातल्या कुळ्याहून धबधब्याकडं जाणारी जीपची वाट जंगलातली, मधे ओढे आडवे येतात आणि जीप त्या पाण्यातूनच काढतात. म्हणून जून ते साधारण सप्टेंबरअखेर ती वाट बंद असते, पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात उघडते. धबधबा बघण्यासारखा असतो तेव्हा वाट बंद, आणि वाट उघडते तेव्हा पाणी उतरायला लागलेलं. या मधल्या फटीत हे टेबल मांडलेलं आहे.

आता तो गंडभेरुंड. ती कर्नाटक सरकारची मुद्रा. पण जीपची वाट, कुळे, मोल्याचं अभयारण्य हे सगळं गोव्याच्या हद्दीत. तिथं कर्नाटकच्या वनखात्याचा खराखुरा कागद जरी दाखवला तरी त्याला कोण विचारणार? कुणी असलं परमिट पुढं केलं तर आधी मुद्रा कुठल्या राज्याची ते बघा.

पैसे फोनवरून. क्यूआर स्कॅन केला तर कुठल्या ट्रॅव्हल्सचं नाव न येता एका बाईचं नाव आलं. “मिसेसच्या नावावर हाय, जीएसटीचं लफडं नको म्हणून.” पावती गुलाबी, मजकूर कन्नड, गाडी नंबरची जागा कोरी. मला कन्नड येतं ते बसच्या पाट्या वाचण्यापुरतं, मावसभावाला तेवढंही नाही. खालच्या बारीक अक्षरातल्या ओळीत काय होतं ते नंतर ऑफिसातल्या कन्नड मित्रानं वाचून सांगितलं: पावसामुळे दर्शन न झाल्यास रक्कम परत मिळणार नाही.

ट्रॅव्हलरमध्ये अथणीची दोन पोरं होती, आणि खानापूरकडच्या चार-पाच बायका. त्या बायकांना त्यानं शक्ती योजनेचं बायकांसाठीचं फुकट बस-तिकीट गोव्यात चालत नाही असं सांगून बसवलेलं. ते खरंच आहे, शक्ती कर्नाटकापुरतीच. असं एखादं खरं मधे पेरलेलं असलं की बाकीचं खपून जातं.

गाडी खानापूर, लोंढा करत रामनगरला चहाला थांबली. टपरीसमोर मडगाव लिहिलेली लाल बस उभी. कंडक्टर बशीतून चहा पीत होता. त्याला विचारलं, घाट चालू आहे का? त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी सूर्य उगवला का म्हणून विचारतोय. “सकाळपासून चालूच आहे.” ड्रायव्हरला म्हटलं तर तो म्हणे, मला काय माहीत, मला मोल्यात सोडायला सांगितलंय.

मोल्याच्या तिठ्यावर आम्हाला उतरवून ट्रॅव्हलर वळली. जीपवाला इथंच येईल म्हणाला. जीपवाला काही आला नाही. पावसात एका बंद दुकानाच्या वळचणीला उभे राहून बेळगावच्या नंबरला फोन लावत होतो, तो आउट ऑफ कव्हरेज. बऱ्याच वेळानं बाइकवरून एकजण आला. त्याच्या मोबाइलवर आमची नावं होती, कोण कुठला त्यासकट. ओढ्याला पाणी चढलंय, जीप आज जात नाही, पण रुळांवरून चालत नेतो. माणशी आणखी ६००. “गार्ड आपला हाय. तिकडचे पैसे तर गेलेच, आता इथंवर येऊन काय न बघताच परतायचं?”

फसवणुकीचा हा दुसरा हप्ता पहिल्यापेक्षा वाईट. पहिल्यात नुसते पैसे जातात. रुळांवरून चालणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड. कॅसलरॉक ते कुळे हा घाट बोगद्यांचा. आत असताना गाडी आली तर अंग चोरायला जागा मिळेलच असं नाही. दूधसागर स्टेशनवरही प्रवाशांना उतरायला बंदी आहे. २०२३ च्या जुलैत रेल्वे पोलिसांनी तिथं जमलेल्या ट्रेकरना रुळाशेजारी उठाबशा काढायला लावल्या, तो व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आला असेल. आम्ही नाही म्हटलं. बायकांनी तर त्याला असं फैलावर घेतलं की तो बाइक घेऊन थोडा लांबच जाऊन थांबला. अथणीच्या पोरांनी मात्र पैसे दिले.

आम्ही मिळेल त्या गाडीनं कुळ्याला गेलो. चहाच्या गाड्यावरच्या बाईनं न विचारताच सांगून टाकलं, “पावसांत बंद आसता रे बाबा.” जीपच्या ठिकाणी शुकशुकाट. वनखात्याच्या माणसाला मी परमिटचा फोटो दाखवला. त्यानं फोटो मोठा केला, गंडभेरुंडापाशी बोट थांबवलं आणि शेजारच्याला हाक मारून म्हणाला, हा बघ, आणखी एक आला. आमच्याआधीही कुणीतरी हाच कागद घेऊन तिथं पोचलं होतं तर.

संध्याकाळी कुळे स्टेशनवर अथणीची पोरं भेटली. बूट हातात, पॅंटा गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेल्या. बाइकवाल्यानं त्यांना रुळापर्यंत नेलं, “सरळ जावा” म्हणाला आणि तिथूनच वळला. पहिल्या बोगद्याच्या अलीकडं रेल्वे पोलिसांनी अडवलं. दंड भरून आले होते. धबधबा त्यांनीही बघितला नाही.

परतीची ट्रॅव्हलर आली नाही हे सांगायला नकोच. मोल्याहून बेळगावची गाडी मिळाली, खानापूरपर्यंत उभ्यानं.

रात्र शहापूरला एका पाहुण्याकडं काढून सकाळी स्टँडवर गेलो. जिन्याखाली टेबल नाही, फ्लेक्स नाही. झेरॉक्सवाला म्हणाला, तो दिवसाचं भाडं देऊन बसतो, नाव-गाव मला ठाऊक नाही. दुपारी त्याचा फोन एकदाच लागला. आवाज तोच, पण ‘आपली माणसं’ गायब. “पावती वाचा की. खाली लिहलंय.” ठेवून दिला.

तक्रारीचं मात्र नीट सांगतो, कारण बहुतेकजण तिथंच कंटाळून सोडून देतात. पैसे दिले कर्नाटकात, फसलो गोव्यात, आणि खातं निघालं महाराष्ट्रातल्या एका शाखेतलं. तीन राज्यं. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य ऐकायला मिळालं ते हेच, की गोव्यात घडलंय तर तिकडं जावा. या लोकांचा भरवसा त्या वाक्यावर असतो. तेव्हा मागं फिरायचं नाही. हद्द कुठलीही असली तरी तक्रार घेता येते, तिला झिरो एफआयआर म्हणतात, आणि फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, जुन्या ४२० च्या जागी. हे शांतपणे बोललो तेव्हा साहेबांनी कागद मागवला.

त्याआधी १९३० ला फोन करा. ही सायबर फसवणुकीची देशभराची हेल्पलाइन. पैसे खात्यातून पुढं सरकायच्या आत कळवलं तर ते अडकवता येतात, म्हणून हा फोन मोल्याच्या तिठ्यावरूनच व्हायला हवा, घरी पोचून आंघोळ-जेवण झाल्यावर नाही. व्यवहाराचा यूटीआर नंबर विचारतात, तो पेमेंट ॲपमध्येच असतो. स्कॅन केल्यावर आलेल्या नावाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. आमच्याकडं त्या टेबलाचा फोटो नव्हता, पण मावसभावानं फ्लेक्ससमोर काढलेल्या सेल्फीत मागं त्या माणसाचा अर्धा चेहरा आलाय. तोच पोलिसांच्या कामाला आला.

घाट चालू की बंद, हे फलाटावरच्या कंट्रोलरला किंवा गोव्याच्या कुठल्याही गाडीच्या कंडक्टरला विचारा, दोन मिनिटांचं काम आहे. जीप हंगामात घ्यायची आणि ती कुळ्यातूनच. बेळगावात कुणी तिचे पैसे मागितले तर चालू लागा. भर पावसातला दूधसागर बघायचा तर बेळगाव-लोंढ्यावरून वास्को-मडगावकडं जाणाऱ्या गाडीचं दिवसाउजेडीचं तिकीट काढा, रेल्वे धबधब्याच्या समोरूनच जाते. आणि नुसतं भरलेलं पाणी बघायचं असेल तर गोकाकला लाल बस जाते. तिथं घटप्रभा ५२ मीटर खाली उडी घेते, जीप लागत नाही की परमिट. येताना तिथली मिठाई, करदंट, घेऊन या.

खातं गोठवल्याचा मेसेज आलाय, पैसे अजून आलेले नाहीत. मागच्या रविवारी मावसभावाचा मित्र बेळगावातून गेला. टेबल पुन्हा मांडलंय, जिन्याखाली न बसता आता रसवंतीच्या शेजारी, आणि फ्लेक्सवर दूधसागरच्या जोडीला जोगचा धबधबाही आलाय. त्यानं फोटो काढून ठाण्यात दिलाय.